हॅरी बर्नने दिलेली पाच कारणं : टेनेसी, ऑगस्ट १९२०

हॅरी बर्न हे नाव ज्यांनी ऐकलंय, त्यांना ते बहुधा एका वाक्यापुरतं ठाऊक असतं : अमेरिकेतल्या बायकांना मताचा हक्क एका चोवीस वर्षांच्या आमदाराच्या एका मतामुळे मिळाला, आणि ते मत त्याने आईच्या पत्रावरून बदललं. यात खोटं काही नाही. पण ही गोष्ट इतकी गोड आहे की बाकीचं प्रकरण तिच्याखाली झाकलं जातं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी बर्नने आपल्या मताची पाच कारणं सभागृहाच्या कामकाजात लेखी नोंदवली. आईचं कारण त्यात तिसरं आहे. उरलेल्या चारांकडे फारसं कोणी बघत नाही, आणि पाचवं तर बहुतेक ठिकाणी सोयीस्करपणे गाळलेलं असतं. वकिलीच्या वाटेवर असलेल्या माणसाने दबावाखाली लिहिलेला हा जबाब आहे. तो जबाबासारखाच वाचायला हवा.

माणूस आणि मतदारसंघ

हॅरी थॉमस बर्न १८९५ च्या नोव्हेंबरात पूर्व टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीत जन्मला. गावाचं नाव नियोटा. वडील तिथल्या रेल्वे स्टेशनवर एजंट होते, शिवाय घरची शेती. आई फेब बर्न कॉलेजात शिकलेली आणि लग्नाआधी शिक्षिका होती. वडील लवकर गेले. हॅरी सदर्न रेल्वेत नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळूनच १९१८ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून टेनेसीच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला. तेव्हा तो सभागृहातला सर्वांत तरुण सदस्य होता. वकिलीची सनद मात्र अजून मिळायची होती, ती १९२३ मध्ये मिळाली. म्हणजे आपल्या प्रकरणातला बर्न हा कायदा शिकत असलेला आमदार आहे, आणि त्याच्या मतदानात व जबाबात हे जागोजागी दिसतं.

दक्षिणेतल्या राज्यात रिपब्लिकन आमदार कसा, असं वाटू शकतं. यादवी युद्धात पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागाची सहानुभूती बरीचशी उत्तरेकडे होती आणि पुढे तो भाग रिपब्लिकन राहिला. राज्याची सत्ता डेमोक्रॅटांकडे, गव्हर्नर अल्बर्ट रॉबर्ट्सही डेमोक्रॅट. बर्नच्या भागात महिला मताधिकारावरून उघड दोन तट होते, आणि नोव्हेंबरात त्याला पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यात त्याचे राजकीय गुरू, राज्याच्या सिनेटमधले हर्शेल कँडलर, मताधिकाराचे कट्टर विरोधक.

छत्तिसावं राज्य

अमेरिकी काँग्रेसने १९ वी घटनादुरुस्ती १९१९ च्या जूनमध्ये मंजूर करून राज्यांकडे पाठवली. लिंगाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, एवढाच तिचा गाभा. आपल्याकडे काही घटनादुरुस्त्यांना निम्म्या राज्यांची संमती लागते. तिकडे तीन चतुर्थांश राज्यांची लागते, म्हणजे तेव्हाच्या ४८ पैकी ३६. मार्च १९२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने ३५ वा होकार दिला आणि गाडी अडली. डेलावेअरने नकार दिला. कनेक्टिकट आणि व्हरमाँटच्या गव्हर्नरांनी अधिवेशनच बोलवायचं नाकारलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या सिनेटने १७ ऑगस्टला विषय पुढच्या वर्षावर ढकलला. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. त्याआधी काही घडायचं तर ते टेनेसीतच घडणार होतं.

पण टेनेसीच्या वाटेत एक खोडा होता. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातल्या ३२ व्या कलमानुसार, काँग्रेसने पाठवलेल्या घटनादुरुस्तीवर जे विधिमंडळ निर्णय घेणार, ते दुरुस्ती आल्यानंतर निवडून आलेलं असलं पाहिजे. १९२० चं विधिमंडळ १९१८ चं, दुरुस्ती १९१९ ची. हे कलम तंतोतंत पाळायचं तर या आमदारांना त्या विषयाला हातच लावता येत नव्हता. जूनमध्ये मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्या ‘हॉक विरुद्ध स्मिथ’ खटल्यात ठरवलं की संघराज्याच्या घटनादुरुस्तीला संमती देण्याची रीत संघराज्याची घटना ठरवते, राज्याला त्यात सार्वमताची अट घुसडता येत नाही. खटला सार्वमताचा होता, ३२ व्या कलमाचा नव्हता. पण तर्क तोच लागू पडत होता. केंद्र सरकारचे सॉलिसिटर जनरल विल्यम फ्रायरसन, जे स्वतः टेनेसीचे, त्यांनी तसं मत दिलं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची तार आली आणि गव्हर्नर रॉबर्ट्स यांनी ९ ऑगस्टपासून विशेष अधिवेशन बोलावलं.

विरोधी आमदार यावर एकच पालुपद लावून होते : आम्ही राज्यघटनेची शपथ घेतली आहे, ती मोडू कशी? काहींना हा प्रश्न खरोखर छळत होता, काहींना तो आयता सापडला होता. समोर उभं राहून कोण कुठल्या गटातला ते ओळखणं अवघड, आणि शपथेच्या मुद्द्याची खरी ताकद तीच होती.

हर्मिटेज हॉटेल

नॅशव्हिलमध्ये विधानभवनाजवळच्या हर्मिटेज हॉटेलात दोन्ही बाजूंचा मुक्काम होता. समर्थकांच्या राष्ट्रीय नेत्या कॅरी चॅपमन कॅट जुलैपासून तिथे ठाण मांडून होत्या. विरोधी महिलांच्या पुढारी जोसेफिन पिअर्सनही तिथेच. पिवळा गुलाब लावला तर समर्थक, लाल लावला तर विरोधक. आमदारांच्या कोटांवरून नजर फिरवली की अंदाज बांधता यायचा. राज्यात १९०९ पासून दारूबंदी होती, तरी हॉटेलच्या एका वरच्या मजल्यावर विरोधकांच्या खोलीत व्हिस्की वाहत होती आणि आमदारांची तिथली ये-जा कोणापासून लपलेली नव्हती. रेल्वे, मद्य आणि कारखानदारीच्या हितसंबंधांचे लोक विरोधकांच्या मागे होते.

प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष सेथ वॉकर आधी समर्थक समजले जात. अधिवेशन सुरू होता होता त्यांनी बाजू बदलली आणि विरोधकांचं नेतृत्वच घेतलं. समर्थकांच्या बाजूने सभागृहात किल्ला लढवला तो मेम्फिसच्या जो हॅनोव्हर या आमदाराने. तो पोलंडहून लहानपणी आलेला ज्यू स्थलांतरित, त्याला धमक्या येत होत्या. सिनेटमध्ये १३ ऑगस्टला ठराव २५ विरुद्ध ४ असा सहज मंजूर झाला. त्या चौघांपैकी एक कँडलर, आणि त्यांचं भाषण इतकं जहरी होतं की त्याची बातमी नियोटापर्यंत पोचली.

बर्नच्या कोटावर लाल गुलाब होता.

१८ ऑगस्ट

हा भाग थोडा सावकाश पाहू, कारण ‘एका मताने’ म्हणतात ते नेमकं कुठल्या ठिकाणी, हे इथे कळतं.

सभागृहात ९९ जागा, त्या दिवशी हजर ९६. वॉकर अध्यक्षांच्या खुर्चीतून खाली उतरले आणि म्हणाले की लढाई लढून झाली आणि जिंकूनही झाली. मग त्यांनी प्रस्ताव मांडला की सिनेटचा ठराव ‘टेबल’ करावा, म्हणजे त्याच्या गुणदोषांवर मतच न घेता तो बासनात गुंडाळून ठेवावा. नावं पुकारली गेली. ४८ विरुद्ध ४८. बर्नने बासनाच्या बाजूने मत दिलं होतं. बरोबरी घडवली ती बँक्स टर्नर या पश्चिम टेनेसीतल्या डेमोक्रॅट आमदाराने. विरोधकांनी त्याला आपल्यात धरलं होतं, पण त्याने विषय गुंडाळायला नकार दिला. वॉकर यांनी फेरमोजणी मागितली. ते टर्नरच्या शेजारी जाऊन बसले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाशी लागले. पुन्हा नावं पुकारली गेली. टर्नर हलला नाही. पुन्हा ४८-४८. बर्न दुसऱ्यांदाही वॉकर यांच्या बाजूने.

बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो. टेबल करण्याचा प्रस्ताव पडला आणि मूळ ठरावावर मत घेणं भाग झालं. विरोधकांना याची फारशी चिंता नव्हती. आकडा तोच राहिला तर मूळ ठरावही ४८-४८ वर पडणार होता. बरोबरी त्यांच्या फायद्याची होती.

तिसऱ्यांदा नावं पुकारली जाऊ लागली. यादी वर्णानुक्रमाची, त्यामुळे बर्नचं नाव लवकर आलं. त्याने ‘होय’ म्हटलं. पुढे टर्नरही ठरावाच्या बाजूने राहिला. निकाल ४९ विरुद्ध ४७.

बर्नच्या खिशात त्या वेळी आईचं पत्र होतं. सात पानांचं, बरंचसं घरच्या खबरबातीचं. मधे मधे मात्र तिने स्पष्ट लिहिलं होतं : मताधिकाराला मत दे, लोकांना ताटकळत ठेवू नकोस. कँडलर यांचं भाषण फार कडवट होतं, असंही तिने नोंदवलं होतं. आणि तू कुठल्या बाजूचा आहेस ते बघतेय, पण अजून काही दिसलं नाही, असा चिमटा. शेवटी शहाण्या मुलासारखा वाग आणि मिसेस कॅट यांना मदत कर, असा निरोप. मुलाच्या राजकीय गुरूचं भाषण वर्तमानपत्रात वाचून त्याच्या विरोधात मुलाला लिहिणारी ही बाई पत्रातल्या मायेपेक्षा पुष्कळ अधिक काहीतरी आहे. ती वाचक आहे, तिला राजकारण कळतं आणि तिला मत नाही.

मग आधी दोनदा उलट मत का?

‘पत्र वाचलं आणि मन पालटलं’ या सरळ गोष्टीत हा प्रश्न बसत नाही. पत्र दोन्ही टेबल-मतदानांच्या वेळीही खिशात होतंच. आईचं ऐकायचं असतं तर पहिल्याच खेपेला ऐकता आलं असतं.

माझ्या मते उत्तर प्रक्रियेत आहे. विषय गुंडाळला गेला असता तर बर्नला मताधिकाराविरुद्धही मत द्यावं लागलं नसतं आणि बाजूनेही नाही. नोव्हेंबरात दोन्ही तटांपुढे हात जोडता आले असते. कात्रीत सापडलेल्या कुठल्याही आमदाराला टेबल करण्याचा प्रस्ताव ही देणगीच वाटते. टर्नरने ती पळवाट बंद केली. त्यानंतर तळ्यात-मळ्यात करायला जागा उरली नाही. प्रश्न शिल्लक राहिला तो एकच : बाईला मताचा हक्क आहे की नाही, आणि तुमचं उत्तर नोंदवहीत कायमचं राहणार.

पुढे आयुष्यात बर्नने स्वतःही जवळपास हेच सांगितलं. त्याचं म्हणणं असं की बायकांना हा हक्क आहे असं त्याला आधीपासूनच वाटत होतं. त्याची आई कॉलेजात शिकलेली, देशातल्या आणि जगातल्या घडामोडी वाचणारी, तरी तिला मत नाही. आणि त्यांच्याच शेतावर राबणाऱ्या कुळांना, ज्यांतल्या काहींना अक्षरओळखही नव्हती, त्यांना मत. त्या पुकाऱ्याच्या वेळी मूळ प्रश्नावर आपली नोंद कायमची होणार हे समोर आलं, तेव्हा होय म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कुळांचा उल्लेख आजच्या कानाला खटकतो, आणि खटकावाही. पण आई त्याच्या विचारात आदल्या रात्रीच्या टपालाने आलेली नव्हती, हे त्यातून कळतं. ती त्याच्या युक्तिवादाचा पुरावा होती.

आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर ‘आतल्या आवाजा’ला व्हीपचं कुलूप लागलं. बर्नसमोर तो अडसर नव्हता. त्याचा पक्षही या विषयावर एकमुखी नव्हता. त्यामुळे त्याला बंडखोर म्हणणंही बरोबर नाही. फार तर आपल्या गुरूविरुद्ध गेलेला शिष्य म्हणता येईल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. श्रेय मोजायचं तर टर्नरला निदान बर्नइतकं मिळायला हवं. त्याने खांद्यावर अध्यक्षांचा हात असताना नकार दिला नसता तर मूळ ठरावावर मतदानच झालं नसतं. पण त्याच्या खिशात आईचं पत्र नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर गोष्टी रचल्या गेल्या नाहीत.

जबाब

निकालानंतर काही तासांत आरोप सुरू झाले की बर्नने पैसे खाल्ले. तो खिडकीतून बाहेर पडून इमारतीच्या कडेने पळाला आणि माळ्यावर लपला, अशी एक दंतकथाही चालते, पण नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतल्या आहेत. पळाला असो वा नसो, दुसऱ्या दिवशी तो सभागृहात उभा राहिला. आरोपांत तिळमात्र सत्य नाही आणि ते करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, असं सुरुवातीलाच बजावून त्याने कारणं दिली.

पहिलं : पूर्ण मताधिकार हा हक्क आहे, असं मी मानतो. दुसरं : या विधिमंडळाला दुरुस्ती मंजूर करण्याचा नैतिक आणि कायदेशीर अधिकार होता. तिसरं : मुलाने आईचा सल्ला मानणं सर्वांत सुरक्षित असतं, आणि माझ्या आईची इच्छा तीच होती. चौथं : १ कोटी ७० लाख स्त्रियांना राजकीय गुलामीतून सोडवण्याची संधी मर्त्य माणसाला क्वचितच मिळते, ती मला मिळाली होती. पाचवं : हे काम टेनेसीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या, जगातल्या सर्वांत शुद्ध अँग्लो-सॅक्सन भागातल्या एका रिपब्लिकनने केलं, असं माझ्या पक्षाला राज्यात आणि देशात सांगता यावं, स्वतःच्या मोठेपणासाठी नव्हे, पक्षाच्या.

यातलं दुसरं कारण हाच कायद्याचा खरा मुद्दा. शपथभंगाच्या आक्षेपाला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते पहिल्याच्या लगेच पाठोपाठ येतं. ‘कायदेशीर’ एवढं म्हणून तो थांबला नाही, ‘नैतिक’ हा शब्द आधी ठेवला. कारण विरोधकांची तक्रार कायद्याच्या भाषेत असली तरी तिचा मारा माणसाच्या सचोटीवर होता. तिसरं कारण भावनेचं दिसतं, पण लाचेच्या आरोपाला इतकं चोख उत्तर दुसरं नव्हतं. आईच्या शब्दावर मत दिलेल्या मुलाला विकाऊ म्हणायची सोय राहत नाही. खरं होतं म्हणून त्याने ते सांगितलं असेल. उपयोगाचं होतं हेही त्याला नक्कीच कळत होतं.

पाचवं कारण गोड गोष्टीत मावत नाही म्हणून ते गाळलं जातं. त्याचा अर्धा भाग निव्वळ पक्षीय हिशेब आहे. अधिवेशन बोलावलं डेमोक्रॅट गव्हर्नरने, तार डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाची, आणि नोव्हेंबरात लाखो नव्या मतदार येणार. श्रेय कोणाच्या खात्यावर पडतं याला मोल होतं. उरलेला अर्धा भाग वंशाचा आहे. बायकांना मत म्हणजे काळ्या बायकांनाही मत, हे भय दाखवणं दक्षिणेतल्या विरोधकांचं हुकमी हत्यार होतं. त्या वातावरणात आपल्या भागाच्या ‘शुद्ध’ गोरेपणाचा दाखला देणं ही अनवधानाने झालेली गोष्ट वाटत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, याच विधानभवनात, नॅशव्हिलच्या फ्रँकी पिअर्स या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने गोऱ्या महिला कार्यकर्त्यांच्या सभेत भाषण केलं होतं. आम्ही तुमच्याबरोबर उभ्या राहू, आम्हाला फक्त न्याय्य वागणूक द्या, एवढीच तिची मागणी होती. बर्नच्या १ कोटी ७० लाखांच्या आकड्यात तिच्यासारख्या बायका कागदावर होत्या. दक्षिणेतल्या बऱ्याच ठिकाणी मात्र १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत त्यांना मतपेटीपर्यंत पोचू दिलं गेलं नाही.

नियोटातली पाहुणी

विरोधकांना पत्राचं महत्त्व लगेच कळलं. लुइझियानाच्या माजी गव्हर्नरची पत्नी थेट नियोटाला फेब बर्नच्या घरी पोचली. पत्र आपलं नाही, ते बनावट आहे, असं तिच्याकडून वदवून घ्यायचं होतं. फेबने ऐकलं नाही. उलट नॅशव्हिलला तार केली की पत्र खरं आहे, मीच लिहिलं आहे, माझ्या नावाने दुसरं काही कोणी सांगितलं तर ते खोटं समजावं, आणि मुलाने शेवटपर्यंत मताधिकारालाच चिकटून राहावं. त्याच तारेत तिने हेही कळवलं की ही बाई माझ्या घरात येऊन माझा अपमान करत होती आणि तिला बाहेर काढता काढता मला नाकी नऊ आले. पत्रापेक्षा मला ही तार जास्त आवडते. पत्र लिहिलं तेव्हा ते जाहीर होणार याची तिला कल्पना नव्हती. तार तिने सगळ्या देशाला ऐकू जावी म्हणूनच केली.

निकालानंतरचे आठ दिवस

४९-४७ झाल्यावर वॉकर यांनी तत्काळ स्वतःचं मत बदलून ‘होय’ केलं. फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच मांडता येतो, म्हणून ही चाल. त्याने आकडा झाला ५० विरुद्ध ४६. नियमाने त्यांना थोडाच अवधी मिळाला, आणि तेवढ्यात एकही आमदार फोडता आला नाही. मुदत संपत आली तशी विरोधी आमदारांची एक तुकडी रात्रीच्या गाडीने राज्याबाहेर अलाबामातल्या डेकेटरला निघून गेली. टेनेसीत गणपूर्तीला दोन तृतीयांश सदस्य लागतात; ते होऊ नयेत म्हणून हा उद्योग. आमदार परराज्यात नेऊन ठेवण्याचं राजकारण आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. मागे राहिलेल्या बहुमताने २१ ऑगस्टला बैठक घेऊन फेरविचार निकालात काढला. विरोधकांचा दावा राहिला की गणपूर्ती नसताना केलेलं हे सगळं बेकायदा.

गव्हर्नरने प्रमाणपत्र पाठवू नये म्हणून आणलेला मनाईहुकूम राज्याच्या मुख्य न्यायाधीशांनी उठवला. रॉबर्ट्स यांनी २४ ऑगस्टला सही केली, कागद रजिस्टर टपालाने रवाना झाले. २६ ऑगस्टच्या पहाटे ते वॉशिंग्टनला पोचले आणि परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी दुरुस्ती मंजूर झाल्याच्या घोषणेवर सकाळीच आपल्या घरी सही करून टाकली. ना समारंभ, ना छायाचित्रकार. अडवायला कोणी कोर्टात जाण्याआधी काम उरकलेलं बरं, हा धूर्तपणा त्यात होताच.

सप्टेंबरात कनेक्टिकटनेही होकार दिला, त्यामुळे टेनेसीचा होकार रद्द ठरला असता तरी ३६ भरत होते. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाल्टिमोरच्या मतदार यादीतून दोन बायकांची नावं काढावीत, असा तो ‘लेसर विरुद्ध गार्नेट’ खटला. टेनेसीत प्रक्रिया धाब्यावर बसवली गेली, हाही एक मुद्दा होता. २७ फेब्रुवारी १९२२ ला न्या. ब्रँडाइस यांनी एकमताचा निकाल दिला : घटनादुरुस्तीला संमती देताना राज्य विधिमंडळ संघराज्याच्या घटनेखाली काम करतं, राज्यातल्या बेड्या तिथे लागू होत नाहीत, आणि राज्याने अधिकृतपणे कळवल्यावर परराष्ट्रमंत्र्याने केलेली घोषणा कोर्टावरही बंधनकारक.

त्यानंतरचा बर्न

नोव्हेंबर १९२० मध्ये बर्न थोडक्या फरकाने का होईना पुन्हा निवडून आला. किंमत मोजली ती गव्हर्नर रॉबर्ट्स यांनी, ते हरले. त्यांच्या पराभवाला करवाढीसारखी इतरही कारणं होती, पण या अधिवेशनाने पक्षात पाडलेली फूट त्यांना भोवली.

सनद मिळाल्यावर बर्नने स्वीटवॉटर आणि रॉकवुड या छोट्या गावांत वकिली केली, पुढे रॉकवुडच्या एका बँकेचा अध्यक्ष झाला. १९३० मध्ये गव्हर्नरपदाची पक्षाची उमेदवारी मागितली, मिळाली नाही. १९४९ ते १९५३ राज्य सिनेटमध्ये होता, मग बरीच वर्षं राज्य नियोजन आयोगावर. देशाच्या आठवणीत त्याचा एकच दिवस राहिला. त्याला स्वतःला ज्या कामात रस होता ते मला वेगळं दिसतं : राज्यघटनेची दुरुस्ती. टेनेसीची १८७० ची राज्यघटना तब्बल ८३ वर्षं एका शब्दानेही बदलली नव्हती. ती बदलायला १९५३ मध्ये परिषद भरली, त्यात बर्न प्रतिनिधी होता. त्यानंतरच्या १९५९, १९६५ आणि १९७१ च्या परिषदांतही होता. गरीब मतदाराला, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही, मतपेटीपासून दूर ठेवणारा मतकर, म्हणजे मत देण्यासाठी भरावा लागणारा कर, १९५३ च्या परिषदेने राज्यघटनेतून काढला.

३२ वं कलम मात्र राज्यघटनेच्या मजकुरात तसंच राहिलं. अठरा वर्षांच्या तरुणांना मत देणाऱ्या २६ व्या दुरुस्तीला टेनेसीने संमती दिली तेव्हा तोच जुना आक्षेप पुन्हा उगवला : हे विधिमंडळ दुरुस्तीनंतर निवडून आलेलं नाही. १९७२ मध्ये खुद्द टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संघराज्याच्या घटनेशी विसंगत म्हणून अवैध ठरवलं. बर्न तेव्हा हयात होता. १९७७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो नियोटात वारला.